मामा हयात असल्याबाबत

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

ठाकुर्ली पूर्व,
बुधवार

सौभाग्यवती रंगूमामी यांना भिवाचा साष्टांग नमस्कार.

सौभाग्यवती हा शब्द आपण नेहमी एका अक्षरात उरकतो, पण या वेळी मी तो पुरा लिहिला आहे, आणि लिहिल्यावर पेन त्यावरून आणखी एकदा फिरवलं आहे. तुम्ही आणि विशेषतः मामा ठीक असाल अशी आशा करतो, असं पुढे लिहिणार होतो, पण ‘आशा’ हा शब्द या प्रसंगी बरा दिसेना. मामा ठीक आहेत. हे मला ठाऊक आहे, माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला मी गेले तीन दिवस जिन्यात गाठून सांगतो आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? भाताची झोडणी उरकली का? तुमच्या सुनेने, माधवीने, तुमच्यासाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन ठेवला आहे. माझ्या लेकीची, दक्षतेची, शाळेत परीक्षा चालू आहे. माझी झोप सोडली तर इकडे सगळं जागच्या जागी आहे.

तुम्ही रविवारी फोनवर एकच वाक्य बोललात, “भिवा, मी कुकू लावू का पुसू, तेवढा सांग,” आणि फोन ठेवलात. त्यानंतर मी केलेला एकही फोन तुम्ही उचलला नाही. तुमचं बरोबर आहे. म्हणून हे पत्र दिपेशबरोबर पाठवतो आहे. (हो, तोच दिपेश, वरच्या वाडीतल्या गोदाकाकीचा, ज्याने तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. बातमी तू नेलीस, आता खुलासाही तूच ने, असं मी त्याला म्हटलं. तो तुम्हाला घाबरून आहे. बहुतेक पत्र ओट्यावर ठेवून गोठ्याच्या बाजूने पळ काढील. त्याला बोलावून चहा द्यावा, पोरगा मनाने वाईट नाही, फक्त हाताने चपळ आहे.)

मामी, आता सगळं पहिल्यापासून सांगतो. रागावायचं ते शेवटी रागवा.

आमच्या मंगलदीप सोसायटीची सत्यनारायणाची पूजा दर वर्षी दिवाळीनंतर असते. आरती मीच सांगतो आणि झांजाही माझ्याच, त्यामुळे कमिटीच्या मीटिंगला मला बोलावतात, आणि मी मागच्या खुर्चीवर बसून असतो. यंदा आमचे सेक्रेटरी मितेश यांनी असं काढलं की पूजेच्या संध्याकाळी नुसता ऑर्केस्ट्रा नको, काही तरी विचार हवा. सिनेमाची गाणी, भावगीतं, लोकगीतं, सगळं मिळून मराठीतले सगळ्यांत मोठे दहा गीतकार निवडायचे, त्यांचं एकेक गाणं गायचं आणि गेटवर त्यांच्या फोटोंचा बॅनर लावायचा. कल्पना चांगली होती. गाणारा सगळ्यांना ठाऊक असतो, चाल लावणाराही थोडाफार ठाऊक असतो, पण शब्द कुणी लिहिले ते विचारलं की माणसं खिडकीबाहेर बघतात. मला मनातून बरं वाटलं. पण मोठा गीतकार म्हणजे कोण, यावरच तासभर गेला. मितेश म्हणाले, ज्याचं गाणं मोबाईलवर सर्वांत जास्त वेळा पाहिलं गेलं तो. सी विंगचे एक गृहस्थ म्हणाले, ज्याच्या गाण्यात दारू नाही तो (त्याने निम्मी यादी गळाली आणि मग ती अट मागे घ्यावी लागली). महिला मंडळाच्या मंदाकिनीवहिनी म्हणाल्या, भांडी घासताना ज्याचं गाणं आपोआप तोंडात येतं तो. मला त्यांचंच पटलं, पण मी मागच्या खुर्चीवर होतो.

आता या गोष्टीत सीताराम भोईर यांना आणावं लागतं. हे इथलेच मूळचे आगरी. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या आजोबांची, त्यामुळे ते बी विंगमध्ये राहतात तरी सगळ्या विंगांत आपल्याच घरात असल्यासारखे वावरतात. हळदीची गाणी लिहितात. ठाकुर्लीपासून शीळफाट्यापर्यंत ज्या हॉलमध्ये हळद असेल तिथे रात्री त्यांचं एक तरी गाणं वाजतं, असं ते सांगतात, आणि हे खरं आहे, कारण आमच्या खिडकीतून मला ती झोपेत पाठ झाली आहेत. आपल्याला दहांत घ्यावं असा त्यांचा आग्रह होता. समोर बसलेल्या माणसाला तुम्ही मोठे नाही असं कोण सांगणार? म्हणून मितेश यांनी मोठ्या हुशारीने ठराव मांडला की हयात व्यक्तींचा विचार करण्यात येणार नाही. सगळ्यांनी हात वर केले. हा ठराव झाला तेव्हा मी झांजांची सुटलेली दोरी ओवत होतो. ऐकलं होतं, पण मनात उतरलं नव्हतं. मामी, सगळं संकट त्या दोरीत आहे.

नऊ नावं ठरली. ती मी लिहीत नाही, तुम्ही रेडिओवर आयुष्यभर ऐकलेलीच आहेत. दहावी जागा लोकगीताला होती. तिथे ‘पारंपरिक’ असं छापायचं ठरत होतं, पण पारंपरिकचा फोटो कुठून आणायचा हा प्रश्न निघाला. कोणी म्हणालं जात्याचा टाका, कोणी म्हणालं नऊवारीतली पाठमोरी बाई टाका. तेवढ्यात गाणं कोणतं घ्यायचं म्हणून मंदाकिनीवहिनींनी सुरू केलं:

गवर आली दारी गं बाय, पाट कुठं मांडू,
पाट गेला शेजारी गं बाय, आता काय मांडू.

मामी, मी उठून उभा राहिलो. बारा वर्षांत त्या ऑफिसात मी आरतीखेरीज उभा राहिलेलो नाही. तुमच्या घरी राहून मी सातवीपर्यंत शिकलो. ते गाणं ज्या दिवशी झालं त्या दिवशी मी तुमच्याच पडवीत पाढे घोकत होतो. तुम्ही पाट पलीकडच्या घरी दिला होतात, समई खालच्या घरी, तांब्याचा हंडा लग्नघरी, आणि गवर दारात आल्यावर मामा घरभर पाट शोधत फिरत होते. त्या रात्री फुगड्यांच्या वेळी मामांनी हे गाणं ढोलकीवर म्हटलं. एकेका कडव्यात एकेक वस्तू शेजारी जाते, आणि शेवटी गवरच म्हणते, राहू दे गं बाय, मी भुईवर बसते. वाडीतल्या मुली ते घेऊन सासरी गेल्या, सासरहून कोणी चिपळूणला, कोणी मुंबईला. आता डोंबिवलीच्या बायका ते शाळेच्या हॉलमध्ये फेर धरून म्हणतात आणि जुनं देवीचं गाणं आहे असं सांगतात. त्यात देवीपेक्षा मामांची तक्रार जास्त आहे, हे जगात तीनच माणसांना ठाऊक असेल. तर मी उभा राहून म्हटलं, हे पारंपरिक नाही, हे माझ्या मामांनी लिहिलं आहे. सगळे मागे वळून बघू लागले. मितेश यांनी नाव विचारलं, मी सांगितलं, शाहीर दौलत पाष्टे. फोटो मागितला, माझ्या मोबाईलवर होता (दक्षतेच्या बारशाचा नाही, अलीकडचा, फेट्यातला, तुम्ही शेजारी होतात पण तुम्हाला कापावं लागलं, त्याचीही क्षमा). हयात आहेत का, हे कोणी विचारलं नाही. ठराव झालाच होता, तेव्हा विचारायचं काय? आणि मी सांगितलं नाही, कारण माणूस जिवंत आहे हे वेगळं सांगायचं असतं असं मला कधी शिकवलेलं नाही.

बॅनरवाल्याकडे दोनच प्रकार तयार असतात. एक वाढदिवसाचा, एक श्रद्धांजलीचा. दहाही जण हयात नाहीत म्हटल्यावर त्याने दुसरा उघडला, प्रत्येकाला हार घातला, खाली समया लावल्या आणि नावाआधी ‘कै.’ बसवलं. रविवारी सकाळी मी देवळातून आलो तर गेटवर मामा. बाकीचे नऊ जण काळ्यापांढऱ्या फोटोंत, मामा एकटेच रंगीत, त्यामुळे तेच अगदी आत्ता गेल्यासारखे दिसत होते. मी हातातला प्रसाद तसाच धरून उभा राहिलो. दोन बायका बॅनरला नमस्कार करून भाजी आणायला गेल्या. दिपेश तेव्हाच मोटरसायकलवरून चालला होता. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

पुढचं मलाही गोदाकाकीकडून कळलं आणि तेव्हापासून जेवण नीट जात नाही. बाया सरळ तुमच्याकडे चुलीपाशी आल्या. बापये पडवीत येऊन बसले, तर मामा भाताच्या उडवीवर उभे, अंगभर पेंढा. जिवंत माणसाला बघून आपण कशाला आलो ते सांगायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून सगळे मान खाली घालून गप्प बसले. मामांना वाटलं वाडीत कोणी तरी गेलं. ते खाली उतरले, हातपाय धुतले आणि त्यांच्यातच येऊन बसले. कोण गेलं ते त्यांनी विचारलं नाही, कारण अशा वेळी विचारू नये ही त्यांची रीत. आतून तुमचं ते फोनवरचं वाक्य ऐकू आलं तोवर मामा स्वतःच्याच दुखवट्याला अर्धा तास बसले होते, आणि मध्ये एकदा ‘चांगला माणूस होता’ असंही म्हणाले, असं गोदाकाकी सांगते. हे ऐकून इथे माधवीला हसू आलं. मला आलं नाही. (थोडं आलं, पण नंतर देवापुढे बसलो.)

दुरुस्ती करायला मी लगेच गेलो. मितेश म्हणाले, बॅनर आता शनिवारी पूजा झाल्यावरच उतरेल, तोवर सहा दिवस मामा गेलेलेच राहू देत, रविवारपासून ते हयात. हे त्यांनी अगदी समजुतीने सांगितलं, जणू रजेचा अर्ज आहे. मग मी स्वतःच स्टूल घेतलं, पिवळा कागद कापला आणि मामांच्या गळ्यातला हार झाकला. लांबून पाहिलं तर मामांनी मानेचा पट्टा लावल्यासारखं दिसू लागलं. संध्याकाळी वॉचमनसुद्धा मला विचारून गेला की साहेब, मामा गेले ते मानेनेच का. ‘कै.’वर चिकटवलेली पट्टी दुसऱ्या दिवशी उन्हाने सुटली आणि अर्धी लोंबू लागली. आता येणाराजाणारा थांबून ती उचलून खाली काय आहे ते वाचतो, म्हणजे आधी जे नुसते बघत होते ते आता नीट वाचतात.

त्या रविवारी मी स्टुलावरून उतरलो तेव्हा सीताराम भोईर खाली उभे होते. मी त्यांना खरं सांगून टाकलं. सांगायला नको होतं असं माधवीचं मत आहे, पण मी त्या वेळी देवळातूनच आलेलो, आणि कपाळाला गंध असताना खोटं बोलणं मला जमत नाही. ते फोटोकडे बघत म्हणाले, “तो जिता हाय तं मी पन जिता हाय.” आणि तडक ऑफिसात गेले. सोमवारी पुन्हा मीटिंग बसली. मामा हयात असतील तर ठरावाप्रमाणे त्यांना काढा, असं मितेश यांचं म्हणणं. मामांना ठेवायचं तर मलाही घ्या, असं भोईरांचं. सी विंगच्या गृहस्थांनी तर असं विचारलं की मामांची तब्येत साधारण कशी आहे, वय काय, म्हणजे थोडं थांबता येईल का. मी त्यांच्याशी तेव्हापासून बोललेलो नाही.

मंगळवारी संध्याकाळी भोईर माझ्या घरी आले. मला वाटलं भांडायला. त्यांनी चहा घेतला, बशी पुसून बाजूला ठेवली आणि आपलं एक हळदीचं गाणं हळू आवाजात म्हणून दाखवलं. मामी, ते खिडकीतून ऐकतो तेव्हा त्यात नुसता ढोल असतो. तसं हळू ऐकलं तर त्यात एक बाप आहे, मुलीच्या अंगाला हळद लावताना ज्याचा हात थांबतो. म्हणून झाल्यावर ते म्हणाले, “माझ्या गान्यावर अख्खा शीळफाटा नाचतो. माझं नाव कोन घेतं सांग.” मला रात्रभर त्या गोष्टीने सोडलं नाही. म्हणणाऱ्याला लिहिणारा ठाऊक नाही, म्हणजे गाणं पोचलं, असं आपण म्हणतो, आणि ते खरंही असेल. बारा वर्षं मी जी आरती सांगतो ती कोणी रचली याचा मी तरी कधी हात जोडताना विचार केला? पण असा विचार करणं लांबच्या माणसाला सोपं जातं. ज्याच्या घरात ते गाणं झालं, आणि जो आजही ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून मान डोलावतो आणि गप्प राहतो, त्याला ते कसं वाटत असेल? मामांना मी एकदा विचारलेलं. ते म्हणाले, “आपलाच हाय, पन सांगायचा कुनाला,” आणि बैल सोडायला गेले.

आज सकाळी शेवटची मीटिंग झाली आणि तोड भोईरांनीच काढली. ते म्हणाले, आमच्यात कागद नसतो, पण ज्याचं गाणं त्याला शेवटचं कडवं येतं. मामांनी शनिवारी इथे यावं, पुरं गाणं म्हणावं, शेवटच्या कडव्यात आपल्या रीतीप्रमाणे शाहिराचं नाव निघालं की प्रश्न मिटला. मग मामांचा हार काढायचा, हयातीचा ठराव रद्द करायचा, आणि भोईरांनीही स्टेजवर आपलं एक गाणं म्हणायचं. मामा आले नाहीत तर त्यांना उतरवून त्या जागी जात्याचा फोटो. मितेश यांनी ते मान्य केलं, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला (या वेळी झांजा घरी ठेवून गेलो होतो). म्हणजे मामी, शनिवारपर्यंत मामा कैलासवासी आहेत, आणि शनिवारी आले नाहीत तर कायमचे पारंपरिक होतील. दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं ते मला ठरवता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

तुम्हाला जो धक्का बसला त्याबद्दल मी इथल्या गणपतीपुढे नाक घासलं आहे. मामांच्या नावाने अभिषेक सांगितला, तर गुरुजींनीही गेटवरचा बॅनर वाचलेला, त्यांनी विचारलं पिंड किती करायचे. तो सगळा खुलासा करून, दीर्घायुष्यासाठी म्हणून, अभिषेक पुन्हा करवून घेतला आहे. प्रसाद दिपेशबरोबर आहे. मामांना आधी द्यावा.

लहानांना आशीर्वाद, गोठ्यातल्या काळीला पाठीवरून हात. माझ्यावर राग असावाच, पण फोन उचलावा.

तुमच्या हातचं खाऊन वाढलेला,
भिवा

ता. क. मामांनी यायचं म्हटलं तरी एक अडचण उरते, ती वर लिहायला धीर झाला नाही. शेवटचं कडवं. ते त्या रात्री एकदाच म्हटलं गेलं, बाया हसून फुगडीतून खाली बसल्या, आणि तुम्ही तिथेच सांगितलंत की हे कडवं माझ्या अंगणात पुन्हा नको. तेव्हापासून मामांनी ते म्हटलं नाही, बायांनी तोडून टाकलं, आणि नाव त्याच कडव्यात होतं ते त्याच्याबरोबर गेलं. मला ते पाठ आहे. पडवीत पाढे मी फारसे घोकत नव्हतो.

सारं गेलं शेजारी गं बाय, घरी उरला धनी,
दौलत म्हणे, उद्या कुणाला तोही देशील झणी.

मामी, यात काही वाईट नाही. आमच्या सोसायटीत तुम्हाला कोणी ओळखत नाही, फोटोतूनही तुम्हाला कापलेलं आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मामा हे म्हणणार नाहीत, हे मी आणि मामा दोघेही जाणतो.

ता. क. २. उत्तर दिपेशजवळ तोंडी देऊ नये. लिहून, घडी करून, भाताने चिकटवून द्यावं. तो ग्रुपवर टाकतो.

ता. क. ३. एवढं लिहिलं ते खरं तर एका वाक्यासाठी. तुम्ही पाट दिलात, समई दिलीत, हंडा दिलात, मला सात वर्षं ताटात वाढलंत, आणि मागायला आलेल्या कोणालाही कधी नाही म्हटलं नाहीत. तर शुक्रवार ते रविवार एवढ्यापुरते मामा उसने द्यावेत, ढोलकीसकट. रविवारी रात्रीच्या गाडीत मी स्वतः बसवतो आणि सोमवारी सकाळी जसे दिलेत तसे परत पोचवतो. गळ्यात हार असेल, पण तो सत्काराचा, झेंडूचा असेल, तेव्हा लांबून बघून घाबरू नये.